खिशातला फोन हाताची थरथर मोजतो, म्हणजे नेमकं काय करतो?

११ एप्रिल हा जागतिक पार्किन्सन दिन, म्हणजे कंपवाताचा. त्याच्या आगेमागे ‘आता मोबाइलच सांगणार कंपवात आहे की नाही’ अशा मथळ्याच्या बातम्या हमखास दिसतात आणि फिरत फिरत फॅमिली ग्रुपवर येतात. खाली कुणीतरी विचारतं, ‘आप्पांचा हात थरथरतो, हे अॅप टाकू का?’ उत्तर कुणीच देत नाही. एक जण हात जोडल्याची खूण टाकतो आणि विषय तिथेच संपतो.

त्या प्रश्नाचं सरळ उत्तर ‘नको’ असं आहे. पण बातमी अगदीच खोटी असते असंही नाही. फोनमधली उपकरणं माणसाची हालचाल मोजू शकतात, आणि ही मोजणी गेली दहाएक वर्षं खऱ्याखुऱ्या औषधसंशोधनात वापरली जातेय. मात्र तिथे तिचं मुख्य काम निदान करणं हे नाही. आजार आहे हे आधीच ठरलेल्या माणसात तो आज किती आहे, सहा महिन्यांनी किती झाला, औषधाने काही फरक पडला का, हे पाहायला ती आहे. ‘आहे का?’ आणि ‘किती आहे?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि मथळे देणारे नेमके तेच एकमेकांत मिसळतात.

आजारात मोजण्यासारखं काय असतं?

मेंदूच्या मध्यभागी खालच्या बाजूला काळसर पेशींचा एक छोटा पुंजका असतो. या पेशी डोपामिन नावाचं रसायन तयार करतात. हालचाल सुरू करायला, आणि ती हवी तेवढीच व्हायला, हे रसायन लागतं. कंपवातात, म्हणजे पार्किन्सनच्या आजारात, या पेशी हळूहळू मरत जातात. लक्षणं दिसू लागतात तोवर त्यातल्या बऱ्याच गेलेल्या असतात. जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरांनी १८१७ मध्ये या आजाराचं वर्णन केलं. ११ एप्रिल हा त्यांचाच जन्मदिवस.

हाताची थरथर सगळ्यांच्या डोळ्यांत भरते, पण डॉक्टर आधी शोधतात ते मंदपणा. शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो, सही बारीक होत जाते, चालताना एक हात हलत नाही, खाटेवर कूस बदलता येत नाही. बहुतेकांत सुरुवात शरीराच्या एकाच बाजूने होते. काही रुग्णांचा हात तर कधीच थरथरत नाही, आणि त्यांचा दुखरा खांदा दाखवत घरचे वर्षभर हाडांच्या डॉक्टरांकडे फिरत राहतात.

मुख्य औषध लेव्होडोपा. गोळी घेतली की काही वेळाने अंग मोकळं होतं, असर उतरला की पुन्हा आखडतं. आजार जुना झाला की ही चढउतार एका दिवसात अनेकदा होते, आणि कधीकधी गोळीचा असर जास्त झाल्याने अंग आपोआप वळवळू लागतं. म्हणजे एकाच माणसाची सकाळी आठची हालचाल आणि अकराची हालचाल यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. पुढचं सगळं समजायला ही एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे.

कंपवाताच्या जोडीला हालचालींचे इतरही विकार आहेत. तोल जाणारा अटॅक्सिया, अनुवंशिक हंटिंग्टनचा आजार, स्नायू पिळवटणारा डिस्टोनिया, आणि वाटी-पेला धरताना हात कापणारा इसेन्शियल ट्रेमर. फोनवरचे प्रयोग यातल्या अनेकांवर होतात. सगळ्यात जास्त काम कंपवातावर झालंय, म्हणून इथे उदाहरणं त्याचीच घेतो.

आत्ता डॉक्टर मोजतात कसं?

त्यासाठी एक ठरलेली मोजपट्टी आहे. तिचं नाव एमडीएस-यूपीडीआरएस. आजचं तिचं रूप २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. डॉक्टर रुग्णाला अंगठा आणि तर्जनी दहा वेळा एकमेकांवर आपटायला सांगतात, मूठ उघडमीट करायला लावतात, खुर्चीतून उठवतात, चालवून पाहतात, पाठीमागून खांद्यांना झटका देऊन तोल पाहतात. प्रत्येक कृतीला ० ते ४ गुण. ० म्हणजे सगळं ठीक, ४ म्हणजे फारच अवघड. हालचालींच्या भागात असे ३३ गुण देतात, त्यामुळे त्या भागाची बेरीज जास्तीत जास्त १३२ होते.

पट्टी वाईट नाही. जगभरातल्या औषधांच्या चाचण्या तिच्यावरच चालतात. पण दोन जाणते डॉक्टर एकाच रुग्णाला एक २ आणि दुसरा ३ देऊ शकतो. २ आणि ३ यांच्यामध्ये काही नाही. आणि मुख्य अडचण अशी की हे सगळं महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, दवाखान्यात, दहा-पंधरा मिनिटांत होतं. रुग्ण अक्कलकोटहून एसटीने हलत आला असेल, सकाळची गोळी उशिरा घेतली असेल, किंवा डॉक्टरसमोर बसल्यावर ताणाने हात जास्तच थरथरत असेल. ताणाने कंप वाढतो हे इतकं पक्कं आहे की लपलेला कंप बाहेर काढायला डॉक्टर मुद्दाम शंभरातून सात-सात वजा करायला सांगतात.

सोलापूरकरांना हे उजनीवरून चटकन कळेल. समजा धरणाची पातळी रोज मोजतच नाहीत. सहा महिन्यांतून एकदा एक अनुभवी अभियंता येतो, पाण्याकडे बघतो आणि ० ते ४ मधला एक आकडा लिहून जातो. ऑक्टोबरात त्याने ४ लिहिला, मेमध्ये १. मधे वरच्या धरणांतून पाणी कधी आलं, कालव्याला किती गेलं, फेब्रुवारीत पातळी अचानक का घसरली, काहीच कळणार नाही. आपल्याला तर उजनी रोज टक्क्यांत वाचायची सवय, वजा किती टक्के हेही आपण चहा पिता पिता बोलतो. फोनमागची कल्पना एवढीच आहे. अनुभवी माणसाची नजर काढून टाकायची नाही, मधल्या दिवसांचे आकडे मिळवायचे.

फोनच्या पोटात असतं तरी काय?

फोन आडवा केला की चित्र आडवं होतं. फोनला हे कळतं ते अॅक्सेलरोमीटर नावाच्या सेन्सरमुळे. सेन्सर म्हणजे बाहेरचा बदल टिपून त्याचा विजेचा संकेत करणारं उपकरण. सिलिकॉनच्या चिपवर अगदी सूक्ष्म वजन सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेलं असतं. फोन हलला की ते वजन किंचित मागे राहतं, शेजारच्या पट्ट्यांपासूनचं त्याचं अंतर बदलतं, आणि त्या अंतरावरून हालचाल किती जोराची होती ते निघतं. वर-खाली, डावी-उजवी, पुढे-मागे अशा तिन्ही दिशांना हे मोजलं जातं. टेबलावर निवांत पडलेला फोनही गुरुत्वाकर्षणामुळे ९.८ हा आकडा दाखवत असतो. खाली कुठल्या बाजूला आहे हे त्याला तिथूनच समजतं. त्याच्या सोबतीला जायरोस्कोप असतो, तो गिरकी आणि वळण मोजतो.

संशोधनात हे मोजमाप बहुधा सेकंदाला ५० ते १०० वेळा नोंदवतात. पुरतं का? कंपवातातली विश्रांतीच्या वेळची थरथर सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा होते. कुठलीही लय नीट पकडायची तर तिच्या दुपटीहून जास्त वेगाने नोंद हवी, असा गणिताचा नियम आहे. ६ च्या दुप्पट १२. म्हणजे १०० नोंदी भरपूर झाल्या.

आणि थरथर बारीक असेल तर? इथे गंमत आहे. हात मध्यापासून दोन्हीकडे फक्त १ मिलिमीटर हलतोय, सेकंदाला ५ वेळा, असं धरा. लांबून पाहणाऱ्याला कदाचित दिसणारही नाही. पण त्यातून तयार होणारं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास दहाव्या हिश्श्याइतकं भरतं, आणि फोन ते सहज टिपतो. फोनला बारीक थरथर दिसते ती हालचाल छोटी असली तरी तिचा वेग सारखा उलटसुलट होत असल्यामुळे. शाळेत त्वरण शिकवताना हे उदाहरण का देत नाहीत कोण जाणे.

या आकड्यांतून थरथर वेगळी काढायला संगणक लयी सुट्या करतो. चालण्याची लय सेकंदाला दोन पावलांच्या आसपास असते, हात वळवण्याची त्याहून सावकाश, कंपाची ४ ते ६. गुंता झालेल्या नोंदीतून प्रत्येक लयीचा जोर किती ते निघतं, आणि संशोधकाला हवा असतो तो त्यातला कंपाच्या पट्ट्यातला, म्हणजे ४ ते ६ मधला, जोर.

रुग्णाने फोनवर करायचं काय?

दोन प्रकार आहेत. एकात रुग्ण ठरलेली कामं करतो, दुसऱ्यात तो आपला दिवस घालवतो आणि फोन गुपचूप नोंदत राहतो.

ठरलेल्या कामांतलं सगळ्यात साधं म्हणजे बोटं आपटणं. पडद्यावर दोन गोल येतात. तर्जनी आणि मधल्या बोटाने ते आळीपाळीने, जमेल तितक्या जलद, काही सेकंद दाबत राहायचे. एकूण किती वेळा दाबलं हा आकडा त्यातला सगळ्यात कमी कामाचा. दोन दाबांमधलं अंतर सारखं राहतं का, बोट गोलावरून घसरतं का, आणि शेवटी शेवटी वेग मरतो का, हे जास्त बोलतं. कंपवातात हालचाल पुन्हापुन्हा केली की लहान आणि मंद होत जाते. डॉक्टर दहा आपटण्यांत डोळ्यांनी हेच शोधत असतात.

दुसरं काम, एका श्वासात ‘आऽऽऽ’ म्हणत राहणं. आवाजाच्या पेटीचे स्नायूही आखडतात, त्यामुळे सूर किंचित डळमळतो, आवाज बारीक होतो. फोनचा माइक ते पकडतो. हे काम मला सोलापूरच्या दृष्टीने फार सोयीचं वाटतं. अशोक चौकात तेलुगू, होटगी रस्त्याकडे कन्नड, विजापूर वेशीत उर्दू आणि सगळीकडे मराठी अशा शहरात वाचायला उतारा द्यायचा झाला तर तो कुठल्या भाषेत द्यायचा इथूनच सुरुवात होईल. ‘आऽऽऽ’ला भाषा नाही, आणि वाचता येण्याची अटही नाही.

तिसरं, फोन खिशात ठेवून सरळ चालत जाणं, वळणं, परत येणं, मग स्थिर उभं राहणं. वळण महत्त्वाचं. कंपवाताचा रुग्ण एका झटक्यात वळत नाही, छोटीछोटी पावलं टाकत वळतो, आणि जायरोस्कोपला ते स्वच्छ दिसतं.

मार्च २०१५ मध्ये अमेरिकेतल्या सेज बायोनेटवर्क्स या संस्थेने आयफोनवर ‘एमपॉवर’ नावाचा अभ्यास सुरू केला, त्यात हीच कामं होती आणि जोडीला स्मरणशक्तीचा एक खेळ. घरबसल्या हजारो लोक सामील झाले. आपली माहिती जगभरच्या संशोधकांना द्यायला साडेनऊ हजारांच्या आसपास लोकांनी होकार दिला. मथळे तिथवरच थांबले. पाच किंवा जास्त वेगवेगळ्या दिवशी नोंद करणारे त्यातले हजारभरही नव्हते. अॅप उतरवणं आणि ते रोज वापरणं यातलं अंतर जिम लावणाऱ्या कुणालाही सांगायला नको.

२०१८ मध्ये जॉन्स हॉपकिन्स आणि रॉचेस्टर विद्यापीठांच्या गटाने अशाच पाच कामांतून ० ते १०० असा एक गुण तयार केला. एकाच रुग्णाचा हा गुण एकाच दिवसात गोळीच्या आधी आणि नंतर कसा वरखाली होतो, ते त्यांनी दाखवलं. वर म्हटलेली आठ आणि अकराची गोष्ट इथे आकड्यांत आली.

औषधाच्या संशोधनाला याचा फायदा काय?

नवं औषध घेतलेला गट आणि न घेतलेला गट यांच्यात वर्षभराने फरक दिसतो का, एवढंच चाचणीत पाहायचं असतं. कंपवात सावकाश वाढतो. वर्षभरात मोजपट्टीवर मोजकेच गुण सरकतात. आणि मोजण्यातला गोंधळ, म्हणजे डॉक्टर बदलला, गोळीची वेळ चुकली, प्रवासाचा शीण, हाही तितकाच मोठा असू शकतो. अशा वेळी खरा फरक गोंधळात बुडतो. तो वर काढायला मग खूप रुग्ण घ्यावे लागतात किंवा चाचणी वर्षानुवर्षं चालवावी लागते. दोन्ही महाग, आणि रुग्णाकडे वेळ नसतो.

गणित असं आहे की गोंधळ निम्मा झाला तर तोच फरक पकडायला रुग्ण पाव पुरतात. रोज मोजून सरासरी काढली की दिवसादिवसाचा गोंधळ कमी होतो, म्हणून फोनचं आकर्षण. कागदावर हे सुंदर दिसतं. पण माणसामाणसांतला खरा फरक कितीही वेळा मोजला तरी राहतोच. त्यामुळे ‘पाव रुग्ण’ हा आकडा प्रत्यक्षात सहसा मिळत नाही.

फोन वापरून औषध चालतं असं होत नाही, हेही सांगायला हवं. रोश कंपनीने प्रासिनेझुमॅब या औषधाच्या ‘पॅसाडेना’ चाचणीत रुग्णांकडून फोनवर रोजची मोजणी करून घेतली होती. मुख्य निकाल मात्र जुन्या पट्टीवरच ठरायचा होता. २०२२ मध्ये तो प्रसिद्ध झाला तेव्हा औषध मुख्य कसोटीला उतरलं नव्हतं. पट्टी अधिक बारीक असली तरी मोजायला काही असावं लागतं.

आकडा आहे, पण त्याला अर्थ आहे का?

माझ्या मते हा या सगळ्या विषयाचा गाभा आहे आणि बातम्यांत तो कधीच नसतो.

फोन काहीही मोजू शकतो. त्या आकड्यावर विश्वास ठेवायच्या आधी तीन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात. सेन्सर बरोबर मोजतो का? त्या मोजणीतून काढलेलं ‘पाऊल’ किंवा ‘कंप’ खरोखरच पाऊल आणि कंप आहे का? आणि तो आकडा बदलला तर रुग्णाच्या आयुष्यात काही बदलतं का? पहिल्या दोन गोष्टी अभियंते करून देतात. तिसरीत वर्षं जातात. बोटं सेकंदाला अर्धा दाब जास्त मारू लागली, पण आजीला भाकरी थापता येत नसेल, तर त्या अर्ध्या दाबाचं करायचं काय?

हे कसं सिद्ध होतं त्याचं एक चांगलं उदाहरण कंपवाताबाहेरचं आहे, आणि फोनचंही नाही. ड्युशेन हा मुलग्यांना होणारा स्नायूंचा अनुवंशिक आजार. त्यात सहा मिनिटांत किती चालता येतं ही जुनी परीक्षा. लहान मूल त्या दिवशी रुसलं की परीक्षा बोंबलली. त्याऐवजी घोट्याला सेन्सर बांधून रोजच्या जगण्यात मूल आपल्या सर्वांत जलद पावलांत किती वेग गाठतं, हे मोजायला सुरुवात झाली. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१९ मध्ये हे माप दुय्यम कसोटी म्हणून मान्य केलं आणि २०२३ मध्ये मुख्य कसोटी म्हणून. उपकरण आधीच तयार होतं. वर्षं गेली ती हा आकडा मुलांच्या जगण्याशी जोडलेला आहे हे दाखवण्यात. अमेरिकेच्या औषध नियामकांनीही डिसेंबर २०२३ मध्ये अशा घरबसल्या मोजणीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या.

हुशार संगणक फसतो तो कुठे?

नोंदींवरून कंपवात ओळखणारा संगणक ‘९० टक्क्यांहून अचूक’ आहे असं वाचलं की मी आधी एक गोष्ट शोधतो. संगणकाला शिकवताना आणि त्याची परीक्षा घेताना त्याच माणसांच्या नोंदी वापरल्या होत्या का? एका माणसाच्या पन्नास नोंदी असतील, तीस शिकवायला दिल्या आणि वीस परीक्षेला ठेवल्या, तर संगणक आजार ओळखायला शिकत नाही, माणूस ओळखायला शिकतो. ‘हा आवाज आधी ऐकलाय, हा रुग्ण होता’ एवढंच तो सांगतो आणि पैकीच्या पैकी गुण मिळवतो. २०१९ मध्ये सेजच्याच संशोधकांनी हा घोळ पद्धतशीर दाखवून दिला. प्रसिद्ध झालेल्या बऱ्याच दाव्यांची हवा त्यात गेली असणार.

दुसरा सापळा वयाचा. एमपॉवरमध्ये रुग्ण वयस्क होते आणि निरोगी म्हणून आलेले बरेच जण तरुण. अशा माहितीवर शिकलेला संगणक ‘मंद बोटं म्हणजे कंपवात’ म्हणतो, तेव्हा तो प्रत्यक्षात ‘मंद बोटं म्हणजे वय’ एवढंच शिकलेला असू शकतो.

आणि आता सोलापूर. ज्या माहितीवर हे संगणक शिकले ती प्रामुख्याने आयफोन बाळगणाऱ्या, इंग्रजी वाचणाऱ्या, स्वतःचा वेगळा फोन असलेल्या परदेशी माणसांची. विडी घरकुलातली एखादी मावशी डोळ्यांसमोर आणा. तीस वर्षं पान कातरून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळून विड्या वळल्यात, आणि मजुरी हजारावर ठरते म्हणून वेगाने वळल्यात. तिची बोटं निम्मी मंदावली तरी परदेशातल्या एखाद्या निरोगी कारकुनाच्या बरोबरीने चालतील. फोन म्हणेल, ठीक आहे. मावशीला मात्र ठाऊक असतं की आता हजार होत नाहीत. उलट तिच्या सुक्या, घट्टे पडलेल्या बोटांचा स्पर्श पडद्याला लागलाच नाही तर फोन म्हणेल, दाब चुकले. यंत्रमागावर उभा राहून तुटलेला धागा सांधणाऱ्याचंही तसंच.

चालण्याचं तर आणखी अवघड. ‘फोन पँटच्या पुढच्या खिशात ठेवा’ अशी सूचना लिहिणाऱ्याने साडीचा विचार केलेला नसतो. फोन पिशवीत गेला, हातात धरला, कनवटीला खोचला, प्रत्येक वेळी तेच पाऊल वेगळं दिसतं. घरात एकच चांगला फोन असेल तर तो संध्याकाळी नातवाच्या हातात असतो, आणि सेन्सरला आजी आणि नातू यातलं काही कळत नाही. संशोधक म्हणूनच पुष्कळदा सगळ्यांना एकाच मॉडेलचा फोन देतात. वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्वस्त फोनांत नोंदी सारख्या वेगाने होत नाहीत, हेही त्यामागचं एक कारण.

मग ऋतू. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की इथे दुपारी कुणी बाहेर पडत नाही. फोनमधली रोजची पावलं घटतात. जानेवारीत गड्ड्याची यात्रा असते तेव्हा तीच पावलं वाढतात. आलेख पाहणाऱ्याला वाटेल आजार मेमध्ये बळावला.

याला उपाय नाहीत असं नाही. माणसाची तुलना जगाशी न करता त्याच्या स्वतःच्या पहिल्या महिन्याशी करायची, म्हणजे मावशीची बोटं मावशीच्याच बोटांशी. आणि उन्हाळा औषधाच्या गटाला आणि दुसऱ्या गटाला सारखाच लागतो. कोण कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं की ऋतूचा परिणाम दोन्हींकडे सारखा होतो आणि वजाबाकीत निघून जातो. चांगली आखलेली चाचणी फोनच्या बऱ्याच खोडी झाकते. अॅपवर एकट्याने केलेल्या ‘टेस्ट’ला मात्र हे संरक्षण नसतं.

मग निदानच का करून टाकत नाहीत?

कारण थरथरणाऱ्या हातामागे कंपवातच असतो असं नाही. इसेन्शियल ट्रेमरची थरथर सेकंदाला ४ ते १२ वेळा होते, म्हणजे कंपवाताच्या पट्ट्यावर ती चढते. नुसत्या लयीवरून दोन्ही वेगळे करता येत नाहीत. हात मांडीवर निवांत असताना थरथरतो की पेला उचलताना, हे पाहावं लागतं. थायरॉइड वाढला की हात कापतात. दम्याच्या सालब्युटॅमॉलने, फिट्सच्या व्हॅलप्रोएटने कापतात. दारू अचानक सोडली की कापतात.

आणि एक कारण आपल्याकडे फार दुर्लक्षित आहे. चक्कर येते म्हणून दिलेली सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन, उलटीसाठीची मेटोक्लोप्रमाइड, मानसिक आजाराची हॅलोपेरिडॉल अशा औषधांनी हुबेहूब कंपवातासारखी लक्षणं येऊ शकतात, विशेषतः वयस्क माणसांत. औषध थांबवल्यावर बऱ्याच जणांत ती ओसरतात, कधी आठवड्यांनी, कधी महिन्यांनी. फोन तिथे प्रामाणिकपणे ‘मंद आहे, थरथर आहे’ असं मोजेल, आणि ते खरंही असेल. पण कपाटातल्या दोन वर्षं चाललेल्या चक्करच्या गोळीबद्दल तो विचारणार नाही. डॉक्टर विचारतात. म्हणून आप्पांना दाखवायला नेताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, आणि त्यातली कुठलीही मनाने बंद करू नका.

माझी माहिती जाते कुठे?

ही भीती रास्त आहे. चालण्याची ढब, आवाज, टाइप करण्याची लय यांवरून माणूस ओळखता येतो. संगणकाने आजाराऐवजी माणूसच ओळखला, हे वर आलंच आहे. नाव पुसलं म्हणजे ओळख पुसली असं नाही. चांगल्या अभ्यासात टाइप केलेला मजकूर घेत नाहीत, फक्त कळा दाबण्याच्या वेळा घेतात. ठिकाण घेत नाहीत, फक्त घरापासून किती लांब गेलात ते अंतर घेतात. हे संमतिपत्रात लिहिलेलं असायला हवं. भारतात २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा आहे. औषधांच्या चाचण्यांना २०१९ चे नियम लागू आहेत, त्यांत नैतिकता समितीची मंजुरी आणि चाचणीमुळे इजा झाली तर उपचार व भरपाई यांची तरतूद आहे. फुकट अॅपला चाचण्यांचे हे नियम आपोआप लागू होत नाहीत. तुम्ही ‘मान्य आहे’ दाबलं की बराचसा विषय संपतो.

कुणी सहभागी व्हा म्हटलं तर काय विचारायचं?

सिव्हिलमध्ये किंवा खासगी दवाखान्यात उद्या कुणी अशा अभ्यासाबद्दल विचारलं, तर आधी नोंदणी क्रमांक मागा. भारतातल्या औषधचाचण्या सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंदवणं २००९ पासून सक्तीचं आहे, आणि ती वेबसाइटवर कुणालाही फुकट पाहता येते. मग विचारा, फोन तुम्ही देणार की माझा वापरणार, आणि डेटाचा खर्च कुणाचा? घरातल्या दुसऱ्या कुणी फोन वापरला तर काय? अॅप मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये आहे का? फोनला काही गडबड दिसली तर मला कोण आणि कधी फोन करणार? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा ‘कुणीच नाही’ असं असतं. संशोधनातली माहिती अनेकदा महिन्यांनी तपासली जाते. तोल जाऊन पडलात तर अॅप धावून येईल या भरवशावर राहू नका. मधेच सोडायचा हक्क तुम्हाला आहे, आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबता कामा नयेत, हेही आधीच विचारून घ्या.

अभ्यासात नसाल तरी फोन आजच एका कामाला येतो, त्याला अॅप लागत नाही. डॉक्टरांकडे जायच्या आधीचे दोन-तीन दिवस वहीत गोळीची वेळ लिहा, आणि गोळीच्या आधी व तासाभराने आप्पांचा चालतानाचा, वळतानाचा आणि पेला उचलतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा. पाय दिसू द्या. पुष्कळदा नुसता चेहराच येतो. अक्कलकोटहून एसटीने येऊन आप्पा दवाखान्यात बसतील तोवर सकाळच्या गोळीचा असर उतरलेलाही असेल, तेव्हा हे व्हिडिओ आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवा.